आधी छप्पर, मग झुला

दुकानात गेलीस की दुकानदार आधी झुलाच काढून दाखवेल. रंग झकास असतात, घडी मुठीत मावते, आणि वेष्टनावरच्या फोटोत कुणीतरी दोन माडांच्या मध्ये पुस्तक वाचत पडलेलं असतं. बघून घे, हात लावून बघ, पण पैसे काढू नकोस. सह्याद्रीत रात्र काढायची असेल तर खर्चाचा क्रम दुकानाच्या बरोबर उलटा ठेवायचा. आधी डोक्यावरचं टार्प, मग झाडाला बांधायचे पट्टे, आणि उरलेल्या पैशांत झुला. झुला साधा असला तर झोप जरा कमी लागते, एवढंच. टार्प तोकडं निघालं तर रात्री दोन वाजता भिजक्या स्लीपिंग बॅगेत बसून उजाडायची वाट बघावी लागते.

आणि हो, त्या फोटोवर जाऊ नकोस. माडाखाली झोपायचं नाही. नारळ पडायच्या आधी कुणाला विचारत नाही, झावळीही नाही. कोकणात किनाऱ्यालाच राहायचं असेल तर सुरूच्या बनात जा, आणि तिथेही वाळूत कलती उभी असलेली बारीक झाडं सोड.

त्याच्याही आधी एक ठरव, तू जाणार तिथे झाडं आहेत का? राजगडाच्या माचीवर, कासच्या पठारावर, रत्नागिरीकडच्या कातळसड्यावर झुला म्हणजे सॅकमधलं ओझं. अशा ठिकाणी मुक्कामाला परवानगी असेल तर तंबूच बरा. झुल्याचं रान म्हणजे आंबोलीच्या आसपासचं, कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांच्या मागचं, घाटाखालच्या गावांच्या आमराया. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर विचारून घे. देवराईत तर कुणी हो म्हटलं तरी बांधू नकोस. तिथली वाळकी काटकीसुद्धा गावकरी उचलत नाहीत, आणि आपण जाऊन त्या झाडांना पट्टे आवळायचे, हे बरं दिसत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे कुणाचं तरी मालकीचं रान आणि त्या घरच्या माणसांशी आधी झालेलं बोलणं. पाऊस फारच चढला तर त्यांची पडवीही मिळते.

आता टार्प. झुल्याबरोबर फुकट म्हणून जी सहा फुटी चौकोनी चादर देतात ती डिसेंबरातल्या दवापुरती. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे ती रुमालासारखी. पावसाळ्यासाठी लांबी अकरा फुटांच्या आसपास आणि रुंदी निदान नऊ-दहा फूट हवी. लांबीचा हिशोब सोपा आहे. बांधलेल्या झुल्याच्या दोन टोकांमधलं अंतर मोज आणि दोन्हीकडे निदान अर्धा, जमलं तर एक फूट जास्त धर. रुंदीत काटकसर करू नकोस, कारण आपल्याकडचा पाऊस सरळ पडतच नाही.

कापड नायलॉनचं की पॉलिस्टरचं, असं दुकानदार विचारेल. सिलिकॉन लावलेलं नायलॉन हलकं आणि चिवट असतं, पण भिजलं की सैल पडतं. संध्याकाळी ताणून बांधलेलं छप्पर मध्यरात्री पोट सोडतं, त्या खळग्यात पाणी साठतं आणि तुला उठून दोऱ्या पुन्हा आवळाव्या लागतात. पॉलिस्टर भिजून फारसं ताणत नाही. आपल्या पावसाला मी पॉलिस्टरच सांगेन, थोडं वजन वाढलं तरी. पैसे कमी असतील तर बाजारातली पातळ प्लास्टिकची ताडपत्रीही चालते. जड असते, वाऱ्यात फडफडते, पण गळत नाही. पाणी रोखायची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. १,५०० ते २,००० पुरेशी. पाच हजारवाल्याच्या नादी लागू नकोस, तो जास्तीचा पैसा तुला कडांच्या पक्क्या शिलाईत आणि कोपऱ्यांच्या मजबूत कड्यांत घालायचा आहे. मधोमध जोडशिवण असेल तर तिला आतून सिलिकॉनचा हात दिलाय का, ते उलटून बघ.

टार्प बांधायचं ते वाऱ्याकडे बघून. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून साधारण दक्षिणोत्तर उभी असलेली दोन झाडं शोध, म्हणजे टार्पची रुंद बाजू वाऱ्याला तोंड देईल आणि उघडी टोकं बाजूला राहतील. वाऱ्याकडची कड जमिनीला टेकेल इतकी खाली घे, दुसरी बाजू उचललेली राहू दे. दोन्ही बाजू घट्ट बंद केल्यास तर आतला दमटपणा कापडाला आतून धरतो आणि थेंब तुझ्यावरच पडतात. आंबोलीच्या धुक्यात पुष्कळजण टार्प गळतं म्हणून दुकानाला शिव्या घालतात. ती गळती नसते, त्यांचाच श्वास असतो.

खोऱ्यात वारा खोऱ्याच्या वळणाने फिरतो, तेव्हा होकायंत्रापेक्षा झाडांच्या शेंड्यांकडे बघ. आणि कड्याच्या काठावर कधीच नको. नाणेघाटात धबधबा उलटा वर उडताना तू पाहिला आहेस ना? जिथे वारा पाणी खालून वर फेकतो, तिथे छपराने काय करायचं? ऑक्टोबरातला आणि वैशाखातला वळीव वेगळाच. तो कुठूनही येतो, आधी वावटळ सोडतो आणि वीज घेऊन येतो. गडगडायला लागलं की झुल्यातून उतरायचं, उंच झाडांपासून लांब व्हायचं, आणि पक्कं घर किंवा बंद गाडी गाठायची. टार्प विजेपासून वाचवत नाही.

मेखांचं एक सांगते. जांभ्यावर मेख शिरत नाही आणि लाल चिखलात शिरलेली राहत नाही. म्हणून दोऱ्या लांब ठेव, म्हणजे दगडाला, मुळाला, कशालाही बांधता येतील. चिखलात मेख ठोकलीस तर तिच्यावर एक धोंडा ठेव. वाळूत दोरी आडव्या काठीला बांधून ती काठी हातभर खाली पूर. दोरी आवळायची गाठ शिकायची तर भाजी मार्केटच्या आवारात जा आणि ट्रकवाले मालावर ताडपत्री कशी आवळतात ते पाच मिनिटं बघ. ती एक गाठ आणि झाडाभोवती न सरकणारी एक गाठ, एवढ्या दोन अंधारात, ओल्या हातांनी आल्या की पुरे.

पट्टे घेताना रुंदी इंचभर तरी हवी. बारीक दोरी झाडाची साल कापते, आणि सालीखालचा जिवंत थर दुखावला की झाडाला ते पुढे जन्मभर भोगावं लागतं. पट्टा पॉलिस्टरचा घे. नायलॉनचा ताणत जातो, आणि झोपताना गुडघ्याएवढ्या उंचीवर असलेली तू पहाटे जमिनीला टेकतेस.

आता नीट ऐक, कारण झुले तुटतात ते बहुतेक या एका गोष्टीने. पोरं झुला खाटेसारखा सपाट ताणून बांधतात. तुझं वजन साठ किलो धर. पट्टा आडव्या रेषेपासून तीस अंश खाली उतरत असेल तर प्रत्येक पट्ट्यावर साठ किलोचाच ताण येतो. दहा अंशच ठेवलास तर तोच ताण पावणेदोनशे किलोच्या जवळ जातो, पाच अंशांवर साडेतीनशेच्या घरात. कापड तेच, तूही तीच, फक्त कोन बदलला. कोन मोजायला पंजा पुरतो. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताण, तर्जनी आडवी धर. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरकी रेषा होते, तीच पट्ट्याची उतरण. झाडं बारा ते पंधरा फूट अंतरावर असली आणि पट्टा डोक्याच्या उंचीला बांधला की बसल्यावर तू जमिनीपासून गुडघाभर वर राहतेस. त्याहून उंच बांधू नकोस, आणि खाली धोंडे असतील तर जागाच बदल.

झाड मांडीएवढं जाड आणि जिवंत हवं. जांभूळ, हिरडा, ऐन, अंजन, यांच्यावर डोळे मिटून विसंब. पांगारा आणि शेवगा नको, लाकूड ठिसूळ. काटेसावरीचे काटे पट्टा फाडतात. आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर भिरूड लागली असं समज आणि पुढे हो. बिब्ब्याचं झाड ओळखायला शिक, त्याचा चीक उतला तर आठवडाभर तोंड दाखवायला लाजशील. मान वर करून वाळक्या फांद्या बघ, आग्या मोहोळ बघ, पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या बघ. पावसाळा संपल्यावर वेलीवर तपकिरी, लव असलेल्या शेंगा लोंबताना दिसल्या तर ती खाजकुइली. तिच्या खाली झोपलेला माणूस सकाळी नाचत असतो.

एवढं झालं की झुला. लांबी अकरा फुटांच्या आसपासची बघ. नऊ फुटी स्वस्त झुल्यात माणूस केळ्यासारखा वाकतो. ऊसतोडीच्या फडात आया साडीची झोळी बांधून लेकरू निजवतात ना, तसं अंग मुडपून झोपणं लेकराला मानवतं, तुझ्या कमरेला मानवणार नाही. लांब झुल्यात तिरकं झोपायचं, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या, म्हणजे पाठ जवळजवळ सपाट होते. दोन टोकांना जोडणारी एक पक्की दोरी वरून घाल, लांबी झुल्याच्या पाच-षष्ठांश. अकरा फुटी झुल्याला नऊ फूट दोन इंच. ती घातली की झाडं कितीही लांब-जवळ असोत, झोळ रोज सारखाच पडतो, आणि रात्री चष्मा, टॉर्च अडकवायला जागा होते. सुती जाळीचा झुला अंगणात ठेव. भिजला की वाळत नाही.

पावसाचं पाणी फक्त वरून येत नाही. बुंध्यावरून ओघळलेलं पाणी पट्ट्यावरून चालत थेट झुल्याच्या कापडात शिरतं. दोन्हीकडे टार्पच्या सावलीत, झुल्याच्या टोकाजवळ सुतळीचा वीतभर तुकडा बांधून लोंबता सोड. पाणी तिथून खाली गळून जातं. एवढ्याशा सुतळीने कोरडी रात्र मिळते, आणि ती कुठलंच दुकान विकत नाही.

नोव्हेंबर उजाडला की पावसाऐवजी पाठ गारठते. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते आणि ऊब उरत नाही, शिवाय झुल्याखालून वारा वाहतोच. म्हणून दोन पदरी झुला घे आणि दोन पदरांच्या मध्ये कॅरीमॅट सरकव, म्हणजे ती रात्री निसटत नाही. भंडारदऱ्याच्या थंडीत मी मॅटवर घडी घातलेली घोंगडीही टाकते. जड आहे, मान्य, पण दमट असतानाही ऊब देते. ओढ्याच्या तळाशी बांधू नकोस. रात्री गार हवा उतरून तिथेच साठते, आणि पावसाळ्यात ओढा वर कुठे पडलेल्या पावसाने न सांगता फुगतो.

मच्छरदाणी हवीच, आणि डास पातळ कापडातून पाठीलाही चावतात हे लक्षात ठेव. दोन पदर तिथेही कामाला येतात. झुल्यामुळे जळवा आणि फुरसं यांची चिंता कमी होते, संपत नाही. बूट खाली ठेवायचे नाहीत, पट्ट्याला उलटे टांगायचे, आणि पाय टेकण्याआधी टॉर्च मारायचा. दोडामार्ग-सावंतवाडीकडे जाशील तर गोचिडीकडे खास लक्ष दे. त्या भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि तो गोचिडीतून येतो, जास्त करून हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत हात फिरवून बघ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नकोस, गावात सांग. घरी आल्यावर ताप चढला तर डॉक्टरला रानात कुठे होतीस तेही सांग.

पहिली रात्र रानात नको. सोसायटीच्या आवारात दोन झाडं असतीलच. जुलैत भर पावसात एक पूर्ण रात्र तिथे काढ. वॉचमन हसेल, हसू दे. काय कमी आहे ते त्या एका रात्रीत कळतं, आणि घर दोन जिने वर असतं.

सॅक भरताना टार्प सगळ्यात वर ठेव, बाहेरच्या कप्प्यात असेल तर आणखी बरं. जागेवर पोचलीस की ते आधी चढवायचं, सॅक त्याच्याखाली उघडायची, मगच झुल्याचं बघायचं. निघताना उलट. सगळं भरून झालं, बूट चढवले, तरी टार्प डोक्यावर असू दे आणि शेवटी सोड. ओलंच असणार, म्हणून त्याला वेगळी पिशवी, बाकीच्या सामानाबरोबर कोंबायचं नाही. एसटीच्या प्रवासात आणि घरी येऊन दोन दिवस तसंच राहिलं तर बुरशी धरते आणि कापडावरचा थर चिकट होऊन सुटतो. तेव्हा घरी पोचलीस की आई कितीही ओरडली तरी आधी टार्प गच्चीवर सावलीत वाळत टाक, मग आंघोळीला जा.