अर्धी बाटली फ्रिजमध्ये आहे म्हणून…

अगं, पोराचा ताप तिसऱ्या दिवशीही हटला नाही की घरातला जो तो डॉक्टर होतो. सासूबाई म्हणतात, "जरा स्ट्राँग औषध द्यायला सांगा." शेजारची म्हणते, "आमच्याकडे अमुक सिरप दिलं आणि दुसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं." तुझं लक्ष मात्र फ्रिजच्या दारातल्या बाटलीकडे. गेल्या खेपेची, अर्धी उरलेली. "ताई, तीच सुरू करू का?" असं फोनवर विचारलंस ना, त्याचं उत्तर आधी देते: नाही. ती बाटली आत्ता उचल आणि टाकून दे. मग बाकीचं बोलू.

मी काही डॉक्टर नाही. मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहणारी फार्मासिस्ट आहे, म्हणून त्या बाटलीबद्दल मला जरा जास्त कळतं. लहान मुलांची बरीचशी अँटिबायोटिक्स ड्राय सिरप म्हणून येतात, आत नुसती पावडर. एकदा पाण्यात कालवली की ती फार दिवस टिकत नाहीत. तुझ्या लेकाला दिलेलं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं सिरप कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवून साधारण ७ दिवस चालतं. त्यानंतर वास तोच, पण औषधाचा जोर उतरलेला. शिवाय मागचा डोस मागच्या वजनाचा. म्हणजे तू देणार कमी ताकदीचं औषध, कमी मापात, आणि तेही कशावर ते ठाऊक नसताना. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेलच्या भाषणात नेमका हाच इशारा दिला होता. डोस अपुरा पडला तर जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात.

आता मूळ प्रश्न: अँटिबायोटिक लागतं कधी? लहान मुलाला वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं. पाळणाघर किंवा प्लेग्रुप सुरू झाला की त्याहूनही जास्त. त्यातली बहुतेक सगळी व्हायरसमुळे. वाहतं नाक, खोकला, बसलेला आवाज, घरात आणखी कुणीतरी शिंकतंय, असं असलं की बहुधा व्हायरलच. तोंडात, हातापायांवर फोड येतात आणि लोक ज्याला टोमॅटो फ्लू म्हणतात, तेही व्हायरल. पावसाळ्यातला डेंग्यूही व्हायरल. यांतल्या कशावरही अँटिबायोटिक चालत नाही, ते फक्त जिवाणूंवर चालतं. आणि शेंबूड हिरवा झाला म्हणून धावत येणाऱ्या आया मी रोज बघते. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतोच, आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. नुसत्या रंगावरून औषध ठरत नाही.

मग शेजारणीच्या पोराला गुण कसा आला? हिशेब कर. असला ताप बहुधा तीन-चार दिवसांत आपणहून उतरतो. पहिले दोन दिवस आपण पॅरासिटामॉलवर काढतो, तिसऱ्या दिवशी धीर सुटतो आणि अँटिबायोटिक सुरू होतं, चौथ्या दिवशी ताप जातो. कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं, तसलीच ही गत. पुढच्या वेळी ती बाई थेट काउंटरवर येऊन त्याच सिरपचं नाव घेते, वर चार जणींना सांगते.

सासूबाईंना मात्र हसू नकोस. पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी पिंपरीत १९५४ साली सुरू झाली. त्याआधीच्या पिढीनं न्यूमोनियानं, साध्या पिकलेल्या जखमेनं पोरं दगावताना पाहिली होती. पेनिसिलिनचं इंजेक्शन त्यांना जीवदान वाटलं, आणि ते होतंच. त्या पिढीकडून सासूबाईंकडे आलेला विश्वास खोटा नाही, तो फक्त सर्दी-पडशापर्यंत ताणला गेला आहे.

हल्ली दुसऱ्या टोकाच्या आयाही भेटतात. "आम्ही अँटिबायोटिक देतच नाही," असं अभिमानानं सांगणाऱ्या. खरं सांगू? मला त्यांची जास्त धास्ती वाटते. उगाच दिलेल्या अँटिबायोटिकनं पोराचं पोट बिघडेल, लंगोटाच्या जागी बुरशीचं लाल पुरळ उठेल. हवं तेव्हा न दिल्यानं पोर हातचं जाऊ शकतं. म्हणून हे नीट ऐक.

बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, तर ते हसतंय, दूध पितंय, काही बघायचं नाही. रात्र असो की दिवाळी, तडक हॉस्पिटल गाठायचं. बाळाचा श्वास मोजायला शीक. ते शांत असताना अंगावरचा कपडा वर कर आणि घड्याळ लावून पुरं एक मिनिट मोज. २ महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा जास्त, तिथपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर तो जलद श्वास. हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आकडाही मोजत बसू नकोस, नीघ. पोर मलूल पडलंय, पाणीसुद्धा घेत नाही, लघवी थांबली आहे, झटका आला, मान ताठ झाली, अंगावर दाबूनही फिके न होणारे जांभळे डाग उठले, तेव्हाही असंच निघायचं. ताप किती चढला यापेक्षा ताप उतरल्यावर पोर कसं वागतं ते बघ. उतरल्यावर खेळत असेल तर थोडा वेळ आहे. उतरूनही गळून पडलेलं असेल तर नाही. आणि दात येताहेत म्हणून १०२ ताप येत नसतो, तो समज सोडून दे.

काही आजार गुपचूप येतात. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप, असं दोन-तीन दिवस चाललं तर लघवी तपासायलाच हवी. लहान बाळात मूत्रमार्गाच्या संसर्गाचं तापाशिवाय दुसरं लक्षण नसूही शकतं, आणि त्याला अँटिबायोटिक लागतंच. फक्त कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, नमुना पहिल्या डोसच्या आधी द्यायचा. टायफॉइडचंही तेच. ताप लांबला, रोज चढत चालला, तर डॉक्टर ब्लड कल्चर सांगतात. पहिल्या आठवड्यात नुसत्या विडाल या रक्तचाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. आता त्या फ्रिजमधल्या बाटलीचा आणखी एक उपद्रव बघ: घरी दोन चमचे पाजून नेलंस की कल्चरमध्ये जंतू वाढत नाही, आणि डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं. कल्चरचे रिपोर्ट घेऊन लोक दुकानात येतात, तेव्हा औषधांच्या यादीपुढे एकाखाली एक 'आर' छापलेला दिसतो. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, ते औषध त्या जंतूवर चालणार नाही. कधीकधी तोंडानं देण्यासारखं काही उरतच नाही, आणि लघवीच्या दुखण्यासाठी एवढ्याशा पोराला ॲडमिट करून सलाईनमधून औषध द्यावं लागतं.

काही दुखण्यांत थांबून बघता येतं, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली. कान दुखणं हे त्यातलं मोठं. दोन वर्षांवरचं मूल असेल, दुखणं सौम्य असेल, तर दोन-तीन दिवस वेदनेचं औषध देऊन वाट बघायला हरकत नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१३ च्या सूचनांत म्हटलं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ही सूट नाही. घशाचं म्हणशील तर, तीन वर्षांच्या आत स्ट्रेप्टोकॉकसचा घसा क्वचितच होतो. शाळकरी पोराला झाला आणि डॉक्टरांनी १० दिवसांचा कोर्स दिला, तर चौथ्या दिवशी घसा बरा वाटला तरी दहाही दिवस द्यायचे. त्यामागचं कारण आहे संधिवाताचा ताप, जो पुढे हृदयाच्या झडपा खराब करतो. आपल्या देशात तो अजून आहे. जुलाबांची गोष्ट सोपी: ओआरएस आणि १४ दिवस झिंक. शौचात रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी, लगेच दाखव.

डॉक्टरांशी कसं बोलायचं तेही सांगते, कारण घोळ बऱ्याचदा तिथेच होतो. आपण केबिनमध्ये शिरतो आणि म्हणतो, "डॉक्टर, उद्यापर्यंत बरं वाटलं पाहिजे, परवा गावाला जायचंय." समोरच्या डॉक्टरांनाही माहीत असतं की नुसतं पॅरासिटामॉल लिहिलं तर ही बाई दुसरा दवाखाना गाठणार. तेव्हा तूच सरळ विचार: "हे व्हायरल वाटतंय की बॅक्टेरियल? अँटिबायोटिक कुठल्या आजारासाठी देताय? एक-दोन दिवस थांबलं तर चालेल का, आणि थांबलो तर कशाकडे लक्ष ठेवू?" चांगले डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाहीत. काही तर चिठ्ठी लिहून देतात आणि सांगतात की अमक्या दिवसापर्यंत ताप राहिला तरच घ्या. जे प्रत्येक सर्दीला सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक लिहितात आणि विचारलं की घुश्शात येतात, त्यांच्याकडे मी माझी पोरं नेली नसती.

आणि आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मागू नकोस. बाटलीवर, पाकिटावर उभी लाल रेघ दिसते ना, ती त्यासाठीच. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिमसारखी औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीत आहेत. ती दिली की पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव आम्हाला वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं. 'ताई ओळखीची आहे, देईल' म्हणून येणाऱ्यांना मी रिकाम्या हाती परत पाठवते. रागावतात, रागावू देत.

डॉक्टरांनी विचारपूर्वक अँटिबायोटिक दिलं, तर मात्र मन लावून दे. आधी बाटली कोरडीच हलवून पावडर मोकळी कर. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घाल, हलव, फेस बसू दे, पातळी खाली गेली तर पुन्हा रेघेपर्यंत भर. दर वेळी देताना हलवायचं, नाहीतर पहिले डोस पाणी आणि शेवटचे नुसता गाळ. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नकोस, बिनसुईची सिरिंज घे. फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर, ते लेबलवर असतं. मधेच थांबवायचं झालं तर डॉक्टरांना विचारून. कोर्स चालू असताना पुरळ उठलं तर फोटो काढून त्यांना दाखव. व्हायरल आजारातही पुरळ येतं, आणि पोराच्या फाइलवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का उगाच बसला की तो सहजासहजी निघत नाही. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र फोटोबिटो नाही, थेट हॉस्पिटल.

डॉक्टरांकडे नेईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉल दे, डॉक्टरांनी वजनावर सांगितलेल्या मापात. इथे एक फसगत होते. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये साधारण १२५. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीला लावलंस तर चौपट डोस जाईल. नाक चोंदलं तर सलाईनचे थेंब घाल. पाणी, पेज, वरणाचं पाणी, जे घेईल ते देत राहा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नकोस, आजीनं कितीही सांगितलं तरी.

आज तिसरा दिवस आहे, ताप उतरलेला नाही, तेव्हा सकाळी दाखवून आण. जाताना तापाच्या वेळा आणि आकडे कागदावर लिहून ने, पोराचं वजन करून ने, आणि आधी काय काय पाजलंस ते न लपवता सांग. रात्री श्वास वाढलासा वाटला, तर सकाळची वाट बघू नकोस.