पाण्यातून कळते गोगलगाय

मुंबईच्या दादाने बरणीतून मासे आणले. पाण्यात बारीक गोगलगायी होत्या. ते पाणी मी वाडीच्या तळ्यात ओतणार, असे वर्गात सांगितले. बाई म्हणाल्या, "अरे थांब! परकी गोगलगाय शिरली की निघता निघत नाही."

फायसा ही गोगलगाय अमेरिकेकडची. ती भारतातही पसरली आहे. शंखाचे टोक वर धरले की तिचे तोंड डावीकडे येते.

गोगलगाय दिसली नाही तरी तिचा चिकटा व विष्ठा पाण्यात मिसळते. शास्त्रज्ञ पाणी गाळतात आणि गाळणीवरच्या कणांतला डीएनए तपासतात. २००८ साली फ्रान्समध्ये असेच तळ्याच्या पाण्यावरून परके बेडूक ओळखले.

मग मी ते पाणी दिवेआगरच्या तापलेल्या वाळूत ओतले. मुलांनो, तुम्हीही तळ्याविहिरीत ओतू नका हं!