ग्राफची मधली रेषा

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीची चूक-भूल द्यावी घ्यावी. पण हा विषय हॉस्टेलवर बोललाच पाहिजे, म्हणून रूममेटच्या परवानगीने लिहिते आहे.

सेकंड इयरला एका शनिवारी मी घरी, बार्शीटाकळीला गेले होते. मोबाईल सायलेंटवर होता. पाहते तर तिचे एकवीस मिस्ड कॉल आणि शेवटी मेसेज, "तू पण गेलीस." घाबरून रविवारी परतले तर बाईसाहेब मेसमध्ये हसत होत्या! सगळी विंग म्हणाली, "नाटकं आहेत." खरं सांगते, मीही तेच म्हटलं. आजी तेवढी म्हणाली होती, "नाटक नोहे वं बाई, पोट्टी लय मनावर घेते."

याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात, हे नंतर कळलं. त्याची नऊ लक्षणे आहेत. निदानाला किमान पाच लागतात. सोडून जाण्याची भीती, टोकाची नाती, अनावर राग, आतला रितेपणा, स्वतःला इजा करणे ही त्यातली काही. आपण व्हायब्रेशनमध्ये डॅम्पिंग शिकतो ना, तसंच समजा. धक्का लहान, हेलकावा मोठा, आणि स्थिर व्हायला वेळ जास्त.

डिप्रेशन वेगळं. त्यात निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असतं किंवा कशातच रस उरत नाही. झोप, भूक, एकाग्रता बिघडते, स्वतः निरुपयोगी वाटतो. बॉर्डरलाइनमधला मूड मात्र काही तासांत पालटतो, आणि कारण बहुधा नात्यातलं असतं.

अडचण ही की दोन्ही एकत्र येतात, आणि असं पुष्कळदा होतं. तेव्हा दुःखापेक्षा रितेपणा, एकटेपणा आणि राग जास्त दिसतो, म्हणून लोकांना तो आजार वाटतच नाही. पुढे महिनाभर ती लेक्चरला गेली नाही, डबा तसाच परत जायचा. मला वाटलं, नेहमीचंच. मी ग्राफचे चढउतार बघत राहिले, पण मधली रेषाच खाली सरकली होती. ते रेक्टर मॅडमनी ओळखलं आणि तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

अशा वेळी नुसत्या गोळ्या सहसा पुरत नाहीत. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी ही थेरपी भावना सांभाळायला शिकवते. बॉर्डरलाइन सुधारलं की डिप्रेशनही बरेचदा उतरतं. उलट मात्र तसं होत नाही, असं अभ्यासात दिसलं आहे.

आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. दीड वर्षात डिप्रेशनसाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावाला जमतं, तर आपल्या विंगला का नाही?

निदान आपण करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. आपण "नाटक" हा शब्द तेवढा सोडायचा. कुणी मरणाची भाषा केली तर ती खरीच धरायची, एकटं सोडायचं नाही, रेक्टरांना सांगायचं. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. तो आमच्या खोलीच्या दारामागे लिहिलाय. अक्षर तिचं आहे.