तारण तपासावे तशी : जुन्या एमजीबीची खरेदी

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या ग्राहकास उघड्या टपाच्या, दोन आसनी, जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीचा मोह पडला, तर त्याच्या खिशाला परवडणारी गाडी बहुधा एमजीबी हीच असते. ऑक्सफर्डनजीकच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात, बंद टपाची ‘जीटी’ धरून, पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. ती दुर्मीळ नाही, म्हणूनच तिची किंमत आवाक्यात राहिली आहे आणि सुट्या भागांचीही चणचण नाही.

कर्जप्रकरण तपासणारा अधिकारी अर्जदाराच्या वर्णनावर न विसंबता तारण स्वतः पाहतो. येथेही तीच वृत्ती हवी. हौशी खरेदीदार प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतो. वस्तुतः १७९८ घनसेंटीमीटरचे हे इंजिन अगदी साधे आहे. १९६४ च्या अखेरीस त्याच्या क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंगांचा आधार मिळाला आणि ते अधिक दणकट झाले. ते बिघडले तरी दुरुस्तीचा खर्च आधी अजमावता येतो. पत्र्याचे तसे नाही.

समकालीन ट्रायम्फ स्पिटफायरला आहे तशी स्वतंत्र चासी एमजीबीला नाही; पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. वर टप नसल्याने मोठा भार दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांवर येतो. त्यांना तेथे ‘सिल’ म्हणतात. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून ब्रिटनमधील रस्त्यांवर मीठ टाकले जाते. ते चिखलासह पुढच्या मडगार्डांच्या आत साचते आणि सिल आतून गंजतात. सिलची टोके मडगार्डांच्या मागे दडलेली असल्याने ते रीतसर बदलणे खर्चाचे काम ठरते. त्यामुळे गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून, पुट्टी भरून, वर झकास रंग देण्याची युक्ती सर्रास केली जाते. ताळेबंद सजवण्याचाच हा प्रकार!

तपासणीस मात्र महागडी साधने लागत नाहीत. दरवाजाच्या पुढच्या व मागच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहावे. मग गाडी एका बाजूने जॅकवर उचलून त्या बाजूचा दरवाजा उघडून लावावा. फट आक्रसली किंवा दरवाजा अडकू लागला, तर सांगाडा खचला आहे असे समजावे. जेथे चुंबक चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी असण्याची शक्यता मोठी. विक्रेत्याने यापैकी कशासही नकार दिला, तर व्यवहार तेथेच थांबवावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

एक सवलत येथे फसवी ठरू शकते. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक ‘एमओटी’ तपासणी सक्तीची नाही. वाहनकरही माफ आहे. पैसे वाचतात हे खरे, पण त्रयस्थ तपासनिसाची नजरही गाडीवरून हटते. ही तपासणी स्वेच्छेने करून घेता येते. खरेदीपूर्वी तिचा आग्रह धरावा.

अमेरिकी नियमांमुळे १९७४ च्या अखेरीपासून एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि तिची उंचीही वाढली. क्रोम बंपरच्या गाड्या त्यामुळे अधिक भाव खातात. ज्यास केवळ चालवण्याचा आनंद हवा आहे त्याने रबरी बंपरची, पण निकोप पत्र्याची गाडी निःशंक घ्यावी.

ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ मध्ये मूळ साच्यांवरून एमजीबीच्या नव्या बॉडी बनवण्यास आरंभ केला. गंजक्या गाडीचा भाव ठरवताना नव्या बॉडीची व ती बसवण्याच्या मजुरीची चौकशी करावी; ती रक्कम मिळवल्यावर ‘स्वस्त’ गाडी अनेकदा चांगल्या गाडीहून महाग पडते.

विमा घेताना घसारा वजा होणारी पॉलिसी न घेता ‘ठरावीक मूल्या’ची घ्यावी. त्यासाठी छायाचित्रे, दुरुस्तीच्या पावत्या व मूल्यांकनाचा दाखला पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावून ठेवावा.