भांडवल कुठून आणायचं? आधी ठरवा, कशासाठी!

मुलगी फूड टेक्नॉलॉजी शिकली आणि नोकरीऐवजी मसाल्यांचा उद्योग काढायचा म्हणते. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पैसा कोण देणार?’ काळजी रास्त आहे. मात्र त्याआधी दोन गोष्टी कागदावर उतरवायला हव्यात: पैसा कशावर खर्च होणार आणि धंद्यातून तो कधी सुटणार? भांडवलाचा मार्ग त्यावरून ठरतो.

स्वतःची बचत : माल विकला जातो का, हे पाहण्यापुरता पैसा शक्यतो घरचाच असावा. घरच्या मिक्सरवर थोडे मसाले करून ओळखीबाहेरच्या गिऱ्हाइकांना विका. तीच गिऱ्हाइकं पुन्हा आली, तर पुढचं पाऊल टाका. २०१० साली सुरू झालेली शेअर दलाली कंपनी ‘झिरोधा’ बाहेरचा गुंतवणूकदार न घेता मोठी झाली.

बँकेचं कर्ज : यंत्र घ्यायचं आहे आणि विक्री लवकर सुरू होणार आहे, तर कर्ज योग्य. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ कर्ज विनातारण मिळू शकतं. पण हप्ता धंद्याची वाट पाहत नाही. १० लाख रुपये ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे २१,७०० रुपये भरावे लागतात. यंत्राच्या कर्जाबरोबर खेळत्या भांडवलाचीही सोय करा. दुकानदार माल उधारीवर घेतात आणि मिरची-धणे मात्र रोखीने आणावे लागतात. चांगले धंदे अडकतात ते इथेच.

सरकारी अनुदान : पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नव्या उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. ग्रामीण भागातल्या महिला उद्योजकाला ३५ टक्के, आणि तिचा स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. १० लाखांच्या प्रकल्पात तिचे ५० हजार, तर अनुदान साडेतीन लाख. मात्र ही रक्कम हातात पडत नाही. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते आणि उद्योग नीट चालू असेल, तर पुढे कर्जात वळती होते. म्हणून अनुदानासाठी धंदा काढू नका. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा.

गुंतवणूकदार : इथे हप्ता नसतो, पण कंपनीतला हिस्सा द्यावा लागतो आणि निर्णयांतही वाटेकरी येतो. उत्पन्न सुरू व्हायला काही वर्षं लागतील, पण झेप मोठी असेल, अशा नव्या तंत्रज्ञानाला हा पैसा मानवतो. गावातल्या मसाला उद्योगाला सहसा त्याची गरज नसते.

पालकांनो, मुलांच्या धंद्यासाठी निवृत्तीची पुंजी मोडू नका आणि राहतं घर गहाण टाकू नका. किती रक्कम गेली तरी घर चालेल, तो आकडा आधीच ठरवा आणि मुलांना स्पष्ट सांगा.

विद्यार्थ्यांनो, तयारी कॉलेजातच सुरू करा. जमाखर्च लिहायला शिका, मोबाइलचा हप्ताही चुकवू नका. बँक तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, पाहणारच आहे. प्रकल्प अहवाल एजंटकडून विकत न घेता स्वतः लिहा. त्यातला प्रत्येक आकडा तुम्हाला समजावून सांगता आला, तर बँकेच्या टेबलासमोर बसायला तुम्ही तयार आहात.