जुन्या पिकअपचा ढिला हँडब्रेक

देऊळगाव राजाहून जालन्याच्या बाजारपेठेकडे माल नेणाऱ्या जुन्या पिकअप गाड्यांचा हँडब्रेक पुष्कळदा ढिला असतो. चालक गाडी गियरमध्ये ठेवतो, चाकाखाली दगड सरकवतो आणि निश्चिंत होतो. वसतिगृहाच्या प्रांगणात धान्याची पोती उतरत असता भोवती मुले खेळत असतात. तेथे ही निश्चिंती आम्हांस मान्य नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९६ देखील पायाच्या ब्रेकखेरीज स्वतंत्र व सक्षम पार्किंग ब्रेक आवश्यक मानतो.

दांडा फार वर येऊ लागला की केबल आवळून मोकळे व्हायचे, अशी रीत पडली आहे. आमच्या मते क्रम उलटा हवा. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेकची केबल मागील ड्रममधील शूच फाकवते. पायाचा ब्रेकही त्यांनाच फाकवतो. लायनर झिजले की शू व ड्रम यांतील अंतर वाढते. ते तसेच ठेवून केबल आवळली तर दांडा घट्ट भासतो खरा, परंतु शू पूर्णपणे मागे येत नाहीत, ड्रम तापतो आणि उरलेले लायनरही लवकर संपते.

म्हणून प्रथम गाडी सपाट जागी घ्यावी, पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि मागील भाग जॅकने उचलून घोडीवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. गियर न्यूट्रल, दांडा खाली, केबलचा नट सैल. आता ड्रम काढून पाहावा. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकर वा हवेने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. आत तेल झिरपले असेल, तर सील वा व्हील सिलिंडर आणि शू बदलल्यावाचून पुढील सारे श्रम व्यर्थ होत.

ड्रम बसवून दातेरी चक्री फिरवावी. चाक किंचित घासू लागले की ते मोकळे फिरेपर्यंत ती मागे घ्यावी. पायाचा ब्रेक काही वेळा दाबून पुन्हा तपासावे. त्यानंतरच केबल आवळावी. दांडा किती खटक्यांवर घट्ट व्हावा, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. दांडा खाली केल्यावर दोन्ही चाके सहज फिरली पाहिजेत.

अखेरची परीक्षा सौम्य उतारावर, मोकळ्या जागी, पाय ब्रेकजवळ ठेवून करावी. गाडी सरकली, तर केबल आणखी न आवळता ड्रम पुन्हा उघडावा.