सभासद वर्गणी भरून घरखर्च वाचतो काय? – वेअरहाऊस क्लबचा हिशोब

घाऊक बाजारात माल स्वस्त मिळतो, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु घाऊक भावाने माल घेण्याचा हक्क मिळावा म्हणून दरवर्षी ठराविक रक्कम आधीच भरावयाची, ही पद्धत आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. अमेरिकेत मात्र ती गेली पन्नास वर्षे चालू आहे. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांच्या बोलण्यात ‘कॉस्टको’ आणि ‘सॅम्स क्लब’ ही नावे वरचेवर येतात. ‘कार्ड काढले, आता घरखर्च निम्मा झाला’ असे कोणी सांगतो, तर ‘कार्ड काढल्यापासून बिल दुप्पट येऊ लागले’ असे दुसरा सांगतो. एकाच दुकानाबद्दल दोन माणसांचे असे दोन अनुभव का असावेत, हे समजून घेण्यासाठी हा पाठ आहे.

ही दुकाने कशी सुरू झाली?

सोल प्राइस या व्यापाऱ्याने १९७६ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात विमाने ठेवण्याच्या एका जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ सुरू केला. हे दुकान मुळात घरगुती ग्राहकांसाठी नव्हतेच. लहान दुकानदार, उपाहारगृहवाले व छोटे व्यावसायिक यांनी वार्षिक वर्गणी भरावी आणि माल उचलावा, अशी ती योजना होती. पुढे काही नोकरदार गटांना व नंतर सर्वसाधारण कुटुंबांनाही प्रवेश मिळू लागला. १९८३ मध्ये जिम सिनेगल व जेफ्री ब्रॉटमन यांनी सिएटल येथे कॉस्टकोचे पहिले दुकान काढले. त्यांपैकी सिनेगल हे सोल प्राइस यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्याच वर्षी सॅम वॉल्टन यांनी ओक्लाहोमा राज्यात सॅम्स क्लब सुरू केला. १९९३ मध्ये प्राइस क्लब व कॉस्टको या दोन कंपन्या एक झाल्या.

म्हणजे ही कल्पना व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासाठी काढलेली आहे. व्यापारी मोठी गोणी उचलतो, कारण ती त्याच्या दुकानात आठवड्यात संपते. घरात ती किती दिवसांत संपेल, हा प्रश्न वेगळा आहे. या लेखातील सगळा हिशोब याच फरकाभोवती फिरतो.

दुकानदाराचा नफा कोठून येतो?

व्यवहार समजून घ्यायचा तर समोरच्याचा नफा कोठून येतो, हे आधी पाहावे. कॉस्टकोच्या दुकानात साधारण चार हजार प्रकारचाच माल असतो. अमेरिकेतील नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये हा आकडा तीस हजारांच्या घरात जातो. चार हजार प्रकारांतच सगळी विक्री होत असल्याने प्रत्येक मालाची खरेदी प्रचंड होते आणि उत्पादकाकडून भाव पाडून घेता येतो. माल ज्या लाकडी फळ्यांवर येतो त्याच फळ्यांवर दुकानात मांडला जातो. सजावट नाही, मांडामांडीची मजुरी कमी, आणि माल लवकर खपत असल्याने भांडवल अडकून पडत नाही.

त्याशिवाय नफ्यावर मर्यादा घालून घेतलेली आहे. नामांकित कंपन्यांच्या मालावर खरेदी किमतीच्या वर जास्तीत जास्त १४ टक्के आणि ‘किर्कलँड’ या स्वतःच्या छापाच्या मालावर १५ टक्के, एवढीच वाढ लावायची असा त्यांचा दंडक आहे. एवढ्या थोड्या नफ्यात भाडे, पगार, वीज भागवून उरते फार कमी. मग कमाई कशावर? उत्तर आहे वर्गणीवर. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोची विक्री सुमारे २४,९६० कोटी डॉलर झाली आणि सभासद वर्गणी सुमारे ४८३ कोटी डॉलर जमली. विक्रीच्या मानाने ही रक्कम दोन टक्क्यांहूनही कमी. परंतु त्या वर्षीचा धंद्यातील नफा, कर भरण्यापूर्वीचा, सुमारे ९२९ कोटी डॉलर होता. म्हणजे नफ्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम वर्गणीच्या रूपाने आली.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की तेथील स्वस्ताई खोटी नाही. मालावर नफा खरोखरच कमी घेतला जातो. दुसरी अशी की तो नफा ग्राहकाकडून वर्षाच्या सुरुवातीलाच वसूल झालेला असतो. ग्राहक वर्षभर दुकानात फिरकला नाही, तरी वर्गणी जमा झालेलीच असते. तेव्हा भरलेली वर्गणी वसूल करून घेणे, हे काम ग्राहकाचे.

पहिला हिशोब : वर्गणी केव्हा फिटते?

कॉस्टकोची साधी वर्गणी १ सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत वर्षाला ६५ डॉलर झाली. त्याआधी ती ६० होती. हाच आकडा धरून चालू. नेहमीच्या दुकानातील भावापेक्षा क्लबमध्ये सरासरी किती टक्के वाचतात, यावर उत्तर अवलंबून आहे.

५ टक्के वाचत असतील, तर वर्गणी फिटण्यास वर्षाला १,३०० डॉलरचा माल घ्यावा लागेल.
१० टक्के वाचत असतील, तर ६५० डॉलरचा.
१५ टक्के वाचत असतील, तर सुमारे ४३३ डॉलरचा.
२० टक्के वाचत असतील, तर ३२५ डॉलरचा.

येथे मालाची किंमत नेहमीच्या दुकानातील भावाने धरली आहे. दुसरी महत्त्वाची अट अशी की, हा माल घरात एरवीही आलाच असता असा असावा. जो माल स्वस्त दिसला म्हणूनच घेतला, तो या हिशोबात धरता येत नाही. नव्वद डॉलरची वस्तू सत्तरला मिळाली आणि तिची गरजच नव्हती, तर वीस वाचले नाहीत, सत्तर गेले.

१३० डॉलरची एक वरची वर्गणीही आहे. तीत वर्षभराच्या पात्र खरेदीवर दोन टक्के रक्कम परत मिळते. साध्या वर्गणीपेक्षा ती ६५ डॉलरने जास्त. दोन टक्क्यांनी ६५ डॉलर परत यायचे तर वर्षाला ३,२५० डॉलरची, म्हणजे महिन्याला सुमारे २७१ डॉलरची खरेदी तेथे झाली पाहिजे. याहून कमी खरेदी असलेल्या घराने साध्या वर्गणीवरच थांबावे.

दुसरा हिशोब : भाव वजनावर पाहावा

मोठे पुडके म्हणजे स्वस्त, ही समजूत प्रत्येक वेळी खरी ठरत नाही. समजा, २० पौंड तांदळाची पिशवी १९ डॉलरला आणि १० पौंडांची ११ डॉलरला आहे. मोठ्या पिशवीत पौंडाला ९५ सेंट पडले, लहान पिशवीत १ डॉलर १० सेंट. येथे मोठी पिशवी स्वस्त. परंतु त्याच आठवड्यात शेजारच्या दुकानात सवलतीत १० पौंडांची पिशवी ९ डॉलरला असेल, तर पौंडाला ९० सेंटच पडतील आणि लहान पिशवी स्वस्त ठरेल. साबण, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर या मालात अशा सवलती वरचेवर निघतात. सोने तोळ्यावर आणि सूत वजनावर घेणाऱ्या माणसाने घरच्या सामानातही वजनाचाच भाव पाहावा.

तिसरा हिशोब : न दिसणारा खर्च

एका चौकोनी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने तेथे आपले घालावेत.

क्लबमध्ये मिळू शकेल असा या घराचा माल नेहमीच्या दुकानात महिन्याला १५० डॉलरचा होतो. क्लबमध्ये तो १५ टक्के स्वस्त, म्हणजे १२७ डॉलर ५० सेंटला मिळतो. महिन्याला २२ डॉलर ५० सेंट वाचले, वर्षाला २७०. त्यातून वर्गणी ६५ वजा जाता २०५ उरले.

आता जाण्यायेण्याचा खर्च. दुकान लांब आहे आणि महिन्यातून दोन फेऱ्या जास्तीच्या होतात. एका फेरीला पेट्रोलचे ४ डॉलर धरले, तर वर्षाचे ९६ झाले. उरले १०९.

आता नासाडी. वर्षभरात क्लबमध्ये १,५३० डॉलरचा माल घेतला. त्यातील ४ टक्के माल, म्हणजे पाव, दूध, फळे, भाजी, खराब होऊन फेकावा लागला, तर सुमारे ६१ डॉलर गेले. शिल्लक राहिली ४८ डॉलर. आणि नासाडी १० टक्क्यांवर गेली, तर १५३ डॉलर गेले. म्हणजे वर्षाअखेर ४४ डॉलरचे नुकसान. भाव तोच, वर्गणी तीच, घरही तेच. केवळ फेकलेल्या मालाने फायद्याचे तोट्यात रूपांतर केले. एकाच दुकानाबद्दल दोघांचे अनुभव वेगळे का, याचे उत्तर बहुतांशी येथे आहे.

एकट्या राहणाऱ्या तरुणाचा हिशोब आणखी सरळ आहे. त्याचा असा माल महिन्याला ४० डॉलरचा असेल, तर १५ टक्क्यांनी वर्षाला ७२ डॉलर वाचतात. वर्गणी जाऊन उरतात ७. महिन्याला एक जास्तीची फेरी झाली, तरी ते पेट्रोलात जातात. त्याने कार्ड न काढलेलेच बरे.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ज्या घरात हलाल गोश्तच येते, त्या घराचा गोश्ताचा खर्च बहुधा हलाल दुकानात होतो. डाळी-मसाल्यांसाठीही शिकागोच्या डेव्हॉन ॲव्हेन्यूसारख्या ठिकाणची आपली दुकाने आहेतच. तो खर्च क्लबच्या हिशोबात धरू नये. दोन, एकदम मोठी खरेदी क्रेडिट कार्डावर केली आणि बिल वेळेत फेडले नाही, तर व्याज वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त होऊ शकते. व्याजापासून दूर राहणाऱ्यास यावर अधिक सांगणे नको. तीन, कार्ड घराबाहेर वाटून वापरणे अटींच्या विरुद्ध आहे. एका वर्गणीत त्याच पत्त्यावरील घरच्या आणखी एका माणसास कार्ड मिळते. तेवढा हक्क घ्यावा.

ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे

ब्रिटनमध्ये कॉस्टकोचे पहिले दुकान १९९३ साली एसेक्समधील थरक येथे निघाले. तेथे कोणासही कार्ड मिळत नाही. व्यापारी आणि ठराविक व्यवसायांतील लोक यांनाच सभासद होता येते. ब्रिटनमधील आपल्या कोकणी बांधवांपैकी ज्यांचे स्वतःचे दुकान वा खाणावळ आहे, त्यांना या कार्डाचा उपयोग खऱ्या अर्थाने होऊ शकतो, कारण त्यांच्याकडे माल पडून राहत नाही.

भारतात ‘मेट्रो’ या जर्मन कंपनीने २००३ मध्ये बंगळूर येथे घाऊक दुकान सुरू केले. तेथेही कार्ड व्यापाऱ्यांसाठीच होते. २०२३ मध्ये रिलायन्सने मेट्रोचा भारतातील व्यवसाय विकत घेतला. दुसरीकडे २००२ मध्ये मुंबईत पवईला सुरू झालेल्या ‘डी-मार्ट’ने कोणतीही वर्गणी न घेता स्वस्त विक्रीचा जम बसवला. तेव्हा स्वस्त माल मिळण्यासाठी वर्गणी भरलीच पाहिजे, असेही नाही. आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर कुटुंबांचे गट करून, एकत्र खरेदी केलेले महिन्याचे सामान त्यांच्यात वाटून देण्याची पद्धत रुजवली. यात गोणी मोठी असली तरी एका घरात तिचा लहान वाटाच येतो. म्हणून घाऊक भावही मिळतो आणि नासाडीही टळते.

आपल्या मोहल्ल्यातील आठ-दहा घरांना किंवा एकाच धंद्यातील चार-पाच कारागिरांना हे करणे अवघड नाही. धान्य, तेल, सूत, चामडे, खिळे, रंग, जे सर्वांना लागते ते एकत्र आणावे, पैसे आधी जमा करावेत आणि वाटपाचा हिशोब लेखी ठेवावा. किराणा दुकानदारांनीही यातून बोध घ्यावा. न खपणारा माल कमी करणे, खपणाऱ्या मालावर थोडा नफा घेऊन तो लवकर फिरवणे आणि महिन्याची यादी देणाऱ्या ग्राहकास ठरलेला भाव देणे, एवढे केले तर मोठ्या दुकानाशेजारीही लहान दुकान उभे राहू शकते. गिऱ्हाईक दूर जाते ते बहुधा भावातील फरकाने. तो फरक किती आहे, हे दुकानदारास ठाऊक असले पाहिजे.

तात्पर्य

कार्ड काढण्यापूर्वी तीन महिने वही ठेवावी. तीत चार रकाने असावेत : काय घेतले, वजनावर भाव काय पडला, किती दिवसांत संपले, किती फेकले. वहीतील आकड्यांवरून वर्षाची बचत काढावी आणि तीतून वर्गणी, फेऱ्या व नासाडी वजा करावी. बाकी शिल्लक राहिली तर कार्ड काढावे, नाही तर काढू नये. कॉस्टकोत समाधान न झाल्यास वर्गणी परत मिळते. तेव्हा कार्ड आधीच काढलेले असेल आणि वही तोटा दाखवत असेल, तर संकोच न करता ते परत करावे. मोठे कुटुंब, टिकाऊ माल, जवळचे दुकान आणि यादीबाहेर न जाणारा हात, या चार गोष्टी एकत्र असतील तेथे हे कार्ड पैसे वाचवते. यांपैकी दोन जरी नसल्या, तरी बहुधा वर्गणीही जाते आणि मालही.